सरकीची नऊ गाडगी

तिवसा, ६ मे २०१२

चि. सबीहा हिस खुशालराव गुरुजींचे अनेक आशीर्वाद.

सातवीत असताना तू शाळेचा रेडिओ खोलला होतास. परत जोडल्यावर दोन स्क्रू उरले आणि रेडिओ मात्र आधीपेक्षा बरा वाजू लागला. वर्गात मी तुला रागावलो आणि घरी येऊन हिच्याजवळ, तुझ्या गोदाकाकूजवळ, तुझं कौतुक केलं. त्या दोन स्क्रूंच्या भरवशावर आज हे पार्सल एसटीनं तुझ्या अकोल्याच्या दुकानात पाठवतो आहे. पत्र यासाठी, की माझे कान आता पुरते गेले. फोनवर मी फक्त 'हॅलो' म्हणू शकतो. हिच्या हाती फोन दिला तर ही तुझ्या लेकीची, सासूची, साजिदरावांच्या गुडघ्याची चौकशी करत बसते आणि मुद्दा राहून जातो.

मुद्दा असा. निवृत्त झाल्यापासून दहा वर्षं मी गावोगाव फिरून गावरान कापसाचं बी जमवतो आहे. नऊ वाण जमले. दरवर्षी वावराच्या एका तुकड्यात ते लावतो आणि निघालेली सरकी नऊ गाडग्यांत भरून ठेवतो. गाडग्यांवर गेरूनं नुसते आकडे. कोणत्या आकड्यात कोणता वाण, तो हलक्या बरड जमिनीत येतो की काळ्या, किती दिवसांत बोंड फुटतं, हे सगळं वहीत होतं. वहीला वाळवी लागली, म्हणून मी सारं कॉम्प्युटरवर टाइप केलं, झाडांचे फोटोही ठेवले. मग कॉम्प्युटरला व्हायरस लागला. दुरुस्तीवाला म्हणाला, सगळं पुसावं लागेल. पुसण्याआधी मी सारं या डबीत, म्हणजे एक्सटर्नल हार्ड डिस्कमध्ये, घेतलं. परवा सहा महिन्यांनी ती लावली तर दिवासुद्धा लागेना.

तू म्हणशील, बी पाहून ओळखा. सरकी ती सरकी, बेटा. आणि जागेच्या सोयीनं आकडे दरवर्षी बदलतात; यंदाचे दिवाळीआधीच ठरवून टाइप केले होते. मी आणि हिनं वेगवेगळ्या कागदांवर आठवून लिहिलं. तीन आकडे जुळले आणि उरलेल्या सहांवरून दोन दिवस अबोला झाला. मला ऐकू येत नसल्यामुळे तो दुसऱ्या दिवशी कळला.

२ जूनला मोझरीकडच्या अकरा बायका बी न्यायला येणार आहेत. आपापलं वावर आपणच कसणाऱ्या. बाजारातल्या बियाण्यानं दोन वर्षं त्यांचा घात केला, म्हणून मीच शब्द दिला. टेकाडावरच्या बरडात उशिरा फुटणारा वाण पडला तर झाड उभं वाळेल आणि त्यांचं तिसरं वर्ष माझ्या हातून जाईल. यादी मिळाली नाही तर मी एक दाणाही वाटणार नाही, आणि मग त्या पेरतील काय, हे मला ठाऊक नाही.

डबी उघड. स्क्रू उरले तरी चालतील.

तुझा,
खुशालराव गुरुजी

—

अकोला, ९ मे २०१२

आदरणीय गुरुजी, आदाब.

पार्सल मिळालं. पत्र वाचून साजिदला म्हटलं, आज दुकानातली बाकी सगळी कामं बाजूला. तो म्हणाला, "तुह्या गुरुजीचं काम हाये म्हनल्यावर मी काय बोलू?" आणि समोरचं टेबल रिकामं करून दिलं.

गुरुजी, मी आठ वर्षं हे काम करते आहे. पाण्यात पडलेल्या डिस्क पाहिल्या, उंदरानं कुरतडलेल्या पाहिल्या, एका डॉक्टरसाहेबांनी रागानं आपटलेली पाहिली. पण प्लास्टिकचं झाकण काढताच टेबलावर राख सांडली, हे पहिल्यांदाच. चांगली बारीक, चाळलेली राख! केबल लावायच्या भोकात ती गच्च बसली आहे. सोबत कडुलिंबाच्या पाल्याचा एक वाळका तुकडा निघाला. तो मी दुसऱ्या एका डबीत जपून ठेवला आहे.

राखेनं ओल धरली की पितळ, तांबं सगळं काळं पडतं. इथं तेच झालं असावं. पण ही राख आत किती गेली आहे, ते मला नेमकं कळायला हवं. आत चकती असते, तिथं एक कण जरी पोचला असेल तर फिरवल्यावर ती खरवडून निघेल आणि मग कुणालाच काही करता येणार नाही. म्हणून अजून मी वीज दिलेली नाही. गुरुजी, खरं सांगा, या डिस्कला काय काय झालं? रागावणार नाही. रागवायची सवय मला तुमच्याइतकी नाही.

तुमची,
सबीहा

—

तिवसा, १२ मे २०१२

चि. सबीहास आशीर्वाद.

राख? माझ्या डबीत? मी विडी ओढत नाही, चुलीजवळ जात नाही. डबी हिच्या ताब्यात होती आणि हिच्याइतकं नीटनेटकं माणूस तालुक्यात नसेल. हिला विचारलं तर हिनं माझ्या हातावर बोटानं लिहिलं, "उन्हाळ्याची धूळ असन." मलाही तेच वाटतं. यंदा वारं फार आहे.

तुझं पत्र आल्यापासून मी आनंदात आहे. तू 'डिस्क मेली' असं कुठेही लिहिलं नाहीस, हे मी तीनदा वाचून खात्री करून घेतलं. त्या अकरा जणींतली पार्बताबाई काल परत येऊन गेली. तिचं दोन एकर टेकाडावर आहे, सगळं बरड. उभ्याउभ्याच बोलली ते हिनं तसंच लिहून दाखवलं, "गुर्जी, मले लवकर फुटनारा पाह्यजे. माह्या वावरात पानी थांबत नाही." मी मान डोलावली. मनात म्हटलं, लवकर फुटणारा तो 'लालदेठी', पण तो माझ्या चारमध्ये आहे की हिच्या सातमध्ये?

सोबत हिनं कुरड्या पाठवल्या आहेत. डबा परत करायची घाई नाही.

खुशालराव

—

(कुरड्यांच्या डब्यात तळाशी ठेवलेली चिठ्ठी)

तिवसा, १२ मे

सबीहा बाई, गोदाकाकूचा आशीर्वाद.

ही चिठ्ठी गुरुजीले दिसू देऊ नको. राख मीच घातली. दिवाळीच्या टायमाले हे डबी घेऊन आले अन् म्हनले, "गोदे, आता सारं बी ह्या डबीत हाये. सांभाळ." मी म्हनलं, बी हाये तं बियासारखं ठेवलं पाह्यजे. लहान्या गाडग्यात राख चाळून घातली, लिंबाचा पाला घातला, मंधात डबी ठेवली, वरून अजून राख. तोंडावर फडकं बांधून शेनानं लिपलं. माह्या माईचं बी असंच राहे, दोन-दोन वर्सं कीड लागत नसे. परवा ह्यायनं मागतली तवा मी काढून, पदरानं पुसून देली.

आता तू म्हनतं राखेनंच खराब झाली. दहा वर्सं हे उन्हातान्हात गावं फिरले. मी मारलं काय त्यायचं सारं काम? खरं सांगजो. मले जेवन जाऊन नाही राहिलं.

गोदाबाई

—

अकोला, १७ मे २०१२

आदरणीय गुरुजी,

फिरली! गुरुजी, फिरली!

आधी शिस्तीत सांगते, नाहीतर तुम्ही मार्क कापाल. वरचं झाकण आणि केबलचा भाग पूर्ण काढला. डिस्कच्या पाठीवर एक हिरवं सर्किट असतं, ते चार स्क्रू काढून सोडवलं. त्याच्या खाली बारीक बारीक टिकल्या असतात, आतल्या भागाशी तिथूनच बोलणं होतं. त्या सगळ्या काळ्याकुट्ट झालेल्या. आता यावर सगळ्यात नामी औषध कोणतं? खोडरबर! आमच्या अफसानाच्या दप्तरातलं घेतलं आणि एकेक टिकली हलक्या हातानं घासली, नंतर स्पिरिटनं पुसली. सोन्यासारख्या चमकल्या. चारही स्क्रू परत बसवले (चारच्या चार, एकही उरला नाही) आणि दुसऱ्या केबलनं वीज दिली. मी कान लावून बसले, साजिद श्वास रोखून उभा. आतून बारीक घूं आवाज आला. तो ऐकून मी अशी ओरडले की शेजारचा टेलर कैची घेऊन धावत आला.

ती धूळ आत गेलेली नाही. चकती शाबूत आहे. मात्र काही ठिकाणी ती अडखळते, म्हणून तिच्यातलं सारं एकेक दाणा उचलल्यासारखं दुसऱ्या डिस्कवर घेते आहे. तीन-चार दिवस लागतील. अकोल्यात पारा सेहेचाळीस, वर लोडशेडिंग. इन्व्हर्टर आणला आहे आणि कूलर डिस्कसमोर लावला आहे. ती नव्या जावयासारखी गार हवा खात बसली आहे, आम्ही घामानं निथळतो आहोत.

टिकल्या उन्हाळ्यानं काळ्या पडतात बरं का. धूळही असते.

सबीहा

ता. क. डबा धुऊन परत पाठवते. काकूंनीच उघडावा, आत त्यांच्यासाठी मेहंदी आहे.

—

(डब्यातली चिठ्ठी)

काकू, मेलं नाही. काहीच मेलं नाही. जिवंत हाये अन् फिरून राहिलं. तुम्ही आधी जेवा. तुम्ही फडकं घट्ट बांधलं, वरून लिपलं, म्हणून सहा महिन्यांत तिला ना धक्का लागला ना पाणी. मी गुरुजींना काही सांगितलेलं नाही.

तुमची सबीहा

—

तिवसा, २० मे २०१२

चि. सबीहास,

तुझं पत्र मी ओसरीत उभं राहून मोठ्यानं वाचलं. मोठ्यानं म्हणजे किती ते मला समजत नाही, पण समोरचा डोमाजी बैल सोडून पाहायला आला. हिनं तर पदर डोळ्याला लावला. एका यंत्रासाठी हिला इतकं वाटेल असं मला वाटलं नव्हतं. आठ दिवसांनी आज पोटभर जेवली.

खोडरबरासाठी दहापैकी दहा. बायकांना निरोप धाडला आहे, की या, २ जूनला नक्की या. आता माघार नाही.

खुशालराव

—

अकोला, २३ मे २०१२

आदरणीय गुरुजी,

हे पत्र कसं लिहावं कळत नाही. तुम्ही निरोप धाडला नसता तर बरं झालं असतं.

शंभरातले चौऱ्याण्णव भाग आले. फोटो आले, सहाशे बारा. पण डिस्कवर कोणती वस्तू कुठे आहे याची जी सूची असते तीच फाटली होती, त्यामुळे फोटोंची नावं गेली. नुसते आकडे उरले. एकात काकू बोंडाची फांदी धरून तुमच्यावर रागावलेल्या दिसतात. बाकीही सगळे सुरेख आहेत, पण कोणतं झाड कोणत्या गाडग्यातलं, ते त्यावरून सांगता येत नाही.

यादीची फाइलही मिळाली. मिळाली म्हणून मी साजिदला हाक मारली आणि उघडली, तर आतून नासलेली. सगळा इंग्रजी अक्षरांचा कचरा. ओळी आहेत, रकाने आहेत, पण अर्थ नाही. सगळ्यात वर, मधोमध, डी, के, आय, डब्ल्यू, एल असली अक्षरं. खाली सगळं तसंच, आणि शेवटची ओळ अर्ध्यात तुटलेली. मी तीन वेगवेगळ्या प्रोग्रॅमनं दुरुस्त करून पाहिली. दर वेळी तोच कचरा.

छापून सोबत पाठवते आहे, तुमची वस्तू म्हणून. मला माफ करा. अकरा जणींचा विचार मनातून जात नाही.

सबीहा

—

तिवसा, २६ मे २०१२

सबीहा! अगं वेडे! तो कापूस आहे!

डी, के, आय, डब्ल्यू, एल म्हणजे कापूस! मी १९७८ साली अमरावतीला मराठी टंकलेखनाची सरकारी परीक्षा दिली. शिक्षकाची नोकरी मिळाली नसती तर कारकून व्हायचं होतं. कॉम्प्युटर घेतला तेव्हा दुकानदाराला सांगितलं, मला माझ्या जुन्या यंत्राच्या बटणांवर मराठी पाहिजे. त्यानं तसा फाँट टाकून दिला. व्हायरसवाल्यानं सगळं पुसलं तेव्हा तो फाँटही पुसला गेला. तुझ्या मशीनवर तो नाही, म्हणून तुला मराठीच्या मागची नुसती बटणं दिसली. फाइल नासली नाही, बेटा. फाइल धडधाकट आहे!

पाकीट फोडलं, तुझं पत्र वाचलं. मग कागद पुढ्यात घेऊन त्या अक्षरांकडे पाहत राहिलो. पाहता पाहता डावं मधलं बोट आपोआप हललं. डी, म्हणजे क. उजवं मधलं, के, म्हणजे काना. तेच बोट वर, आय, प. डावी अनामिका वर, डब्ल्यू, ऊकार. उजवी अनामिका, एल, स. कापूस! चौतीस वर्षांपूर्वी ज्या बोटांवर मास्तरांनी पट्टी मारली होती ती बोटं काही विसरली नव्हती. मी कागद टेबलावर चिकटवला आणि दोन्ही हात मांडून पहिल्या ओळीपासून सुरू केलं. ही स्वयंपाकघरातून आली आणि मला खुणेनं विचारू लागली, की तबला काहून वाजवून राहिले? मी म्हटलं, "गोदे, गेरू आण!"

मी बोटं चालवत होतो, नाव ओरडत होतो आणि ही गाडग्यावर लिहीत होती. एक, चांदकी, काळी जमीन, एकशे सत्तर दिवस. दोन, बुटकी. तीन, भुरकी. चार, दुधी. पाच वाचून झाल्यावर पाणी प्यायलो. सातव्या ओळीला आलो: लालदेठी! बरड जमीन, एकशे तीस दिवस! माझ्या आठवणीतल्या कागदावर लालदेठी चारमध्ये होती. म्हणजे आठवणीवर गेलो असतो तर पार्बताबाईला मी डोळे मिटून दुधी दिली असती आणि तिचं वावर बुडवलं असतं. ही म्हणाली होती सातमध्ये. हिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढची ओळ लगेच वाचायला घेतली. नववी ओळ तुटलेली असो. आठ नावं कळली, नववं काय उरतं ते मला माहीत आहे.

आणखी एक. गाडगी मांडताना कोपऱ्यात दहावं सापडलं, लहानसं. तोंड फोडलेलं, आत राख. राखेत मधोमध एक चौकोनी खळगा होता. डबीच्या मापाचा. मी हिच्याकडे पाहिलं, ही छपराकडे पाहू लागली. मग सगळं माझ्या हातावर लिहून सांगितलं. मी तिला मोठ्यानं म्हटलं, "गोदे, सारं बी यात आहे असं मीच म्हणालो होतो. तू बी म्हणून सांभाळलंस." सबीहा, शाळेत माझा सत्कार झाला, शाल मिळाली, नारळ मिळाला. पण माझ्या कामाला इतका मान कुणी दिला नव्हता. तुला हे आधीपासून ठाऊक होतं, असं ती सांगते. उन्हाळ्यानं काळ्या पडतात म्हणे! खोटं लिहिण्यात तुला दहापैकी तीन.

खुशालराव

—

अकोला, २९ मे २०१२

आदरणीय गुरुजी,

पत्र दुकानात वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. गुरुजी, रोज दोन तरी माणसं माझ्याकडे येतात, "मॅडम, मराठीचं इंग्रजी झालं" म्हणून. मी चहा पिता पिता फाँट टाकून देते! पण समोर नासकी डिस्क होती, म्हणून मला सगळं नासकंच दिसलं. साजिद सकाळपासून हसतो आहे. हसू दे. मीही हसते आणि मध्येच डोळे पुसते.

लगेच शोधून तो फाँट टाकला आणि यादी उघडली. गुरुजी, सुंदर, स्वच्छ मराठी! तुमच्या बोटांनी वाचलेली आठही नावं पडताळली. बरोबर. जमीन बरोबर, दिवस बरोबर. सोबत मोठ्या अक्षरात छापून पाठवते आहे, आणि एका पेन ड्राइव्हमध्ये फोटोंसकट सगळं.

आता माझं एक ऐका. आजवर सगळी माहिती एका जागी होती. आधी वही, मग कॉम्प्युटर, मग डबी. एक गेलं की सगळं गेलं. आमच्या धंद्यात नियम आहे, वस्तू किमान तीन जागी ठेवावी, आणि तिन्ही एका घरात नकोत. एक प्रत माझ्याकडे राहील. एक तुमच्याकडे. तिसरीची सोय तुम्ही करा. आणि २ तारखेला काय झालं ते त्याच दिवशी लिहा, मला धीर नाही.

खोटं लिहिल्याबद्दल तीन मार्क मंजूर. पुढच्या वेळी सुधारेन.

सबीहा

—

तिवसा, २ जून २०१२

चि. सबीहास अनेक आशीर्वाद.

आत्ता दुपार आहे. सगळ्या गेल्या आणि मी लगेच बसलो आहे.

दहाच्या सुमारास आल्या, अकराच्या अकरा. तू पाठवलेली यादी भिंतीवर लावली होती. मी प्रत्येकीला जमीन विचारली. माझ्यासाठी त्या खाली अंगणात काडीनं रेघा ओढून दाखवत होत्या, इथं टेकाड, इथं नाला, इथं काळी माती. त्याप्रमाणे गाडगं ठरे आणि ही ओंजळी भरून सरकी देई. पण सरकी हाती देण्याआधी हिनं एक कायदा काढला. वाणाचं नाव, कोणत्या जमिनीचा, किती दिवसांचा, हे तीनदा म्हणून दाखवायचं. चुकलं की रांगेच्या शेवटी. सबीहा, चोवीस वर्षं मी मास्तरकी केली, पण इतकी कडक परीक्षा घेतली नाही. माणिकबाई दोनदा नापास झाली आणि तिसऱ्यांदा पास झाल्यावर तिनं फुगडीच घातली. मला ओठ हललेले दिसत होते, हसणं दिसत होतं. माझं अंगण इतकं भरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

तिसरी प्रत कुठे ठेवू असं मी हिला सकाळी विचारलं होतं. ती म्हणाली, "त्या बायाच तं येऊन राहिल्या."

सगळ्यांत शेवटी पार्बताबाई. लालदेठी, बरड, एकशे तीस. तिन्ही वेळा बरोबर. पदरात गाठ बांधून निघाली. सगळ्या मिळून ऑटोत बसल्या आणि ऑटो निघाला. मी गाडगी झाकत होतो, तेवढ्यात ही मला हलवून फाटकाकडे दाखवू लागली. पार्बताबाई धापा टाकत परत येत होती. ऑटो रस्त्यात उभा, आतल्या बायका हात हलवून तिला काय काय म्हणत होत्या. माझ्याजवळ येऊन ती काहीतरी बोलली. मला कळेना. हिनं माझ्या हातावर बोटानं लिहिलं: 'नाव विसरली.'

मी सांगितलं, लालदेठी. तिनं म्हटलं. मी पुन्हा सांगितलं, तिनं पुन्हा म्हटलं. मग पाठ फिरवून ती ऑटोकडे निघाली. चालताना तिची मान हलत होती, एका तालात, फाटकापर्यंत आणि फाटकाबाहेर, ती म्हणतच चालली होती. ऑटोत चढल्यावर इतर बायकांचीही मान तशीच हलू लागली.

मी इथं ओसरीत बसून रडलो, सबीहा. आनंदानं रडलो. ही शेजारी बसली आहे आणि सांगते आहे, की पोरीले लिहा, कुरड्या अजून पाठवते.

तुझा,
खुशालराव गुरुजी